सेवा आणि वेठ

(महाविद्यालयीन परिषदांतील विद्यार्थी-स्वयंसेवक या विषयावर वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



हिवाळा स्थिरावला, शेतात तुरीची सोंगणी आणि हरभऱ्याची राखण सुरू झाली, की वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या प्रांगणात दुसराच एक हंगाम सुरू होतो. तो परिषदांचा. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा मानव्यविद्यांपैकी एखाद्या विषयावर एक, दोन अथवा तीन दिवसांची परिषद भरते. प्रवेशद्वारावर फलक लागतो, बिछायत केंद्रातून खुर्च्या आणि सतरंज्या येतात, दीपप्रज्वलन होते, बीजभाषण होते, शोधनिबंध वाचले जातात आणि समारोपात प्रमाणपत्रे वाटली जातात. वाशीम जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांनाही हे दृश्य आता नवे राहिलेले नाही.

या दृश्यात एक व्यक्ती सर्वत्र हजर असते आणि तरीही कोणाच्या नजरेत भरत नाही. छातीवर रंगीत फीत लावलेला विद्यार्थी-स्वयंसेवक, ही ती व्यक्ती. पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला स्थानकावरून तोच आणतो. नोंदणीच्या टेबलावर पिशव्या तोच वाटतो. पाण्याचे जार तोच उचलतो, भोजनाच्या वेळी वाढपही तोच करतो, आणि रात्री मंडप रिकामा झाल्यावर खुर्च्या मोजून बिछायतवाल्याच्या ताब्यात देणाराही तोच असतो. आभारप्रदर्शनात त्याचा उल्लेख येतो, परंतु तो अगदी शेवटी, 'ज्ञात-अज्ञात' या सोयीस्कर शब्दांच्या आश्रयाने. परिषदेच्या सर्व दिवसांत त्याला सर्व काही करायला मिळते. एकच गोष्ट मिळत नाही. सभागृहात बसून ऐकायला मिळत नाही.

प्रश्न उभा राहतो तो येथे. विद्यार्थ्याच्या या श्रमाला सेवा म्हणायचे की वेठ? काहींना हा प्रश्न अतिशयोक्तीचा वाटेल. दोन दिवस चार खुर्च्या उचलल्या तर एवढे काय बिघडले, असेही म्हटले जाईल. खुर्च्या उचलण्यात कमीपणा काहीच नाही. तथापि मानव्यविद्या म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेचा, त्याच्या श्रमाचा आणि विचाराचा अभ्यास. असा अभ्यास करणाऱ्यांच्या मेळाव्यात हात एका बाजूला आणि डोके दुसऱ्या बाजूला पडत असतील, तर सभागृहात वाचल्या जाणाऱ्या निबंधांचे खंडन सभागृहाच्या दारातच होत असते. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

स्वयंसेवकाची कल्पना या देशात कशी वाढली हे थोडे पाहिले पाहिजे. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधीजी तेथे गेले होते. प्रतिनिधींची उतरण्याची व्यवस्था रिपन कॉलेजात होती. म्हणजे ते अधिवेशनही एका अर्थी महाविद्यालयाच्या आवारातच नांदत होते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत तेथील स्वयंसेवकांचे जे वर्णन केले आहे ते आजही बोधप्रद आहे. एकाला काम सांगावे तर तो ते दुसऱ्यावर ढकली, दुसरा तिसऱ्यावर. संडासांची घाण पाहून त्यांनी विचारणा केली, तेव्हा ते भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती सफाई स्वतः केली. पुढे ते काँग्रेसच्या कचेरीत गेले, काही काम द्या म्हणाले, आणि तुंबलेल्या पत्रांना उत्तरे लिहिण्याचे कारकुनी काम त्यांनी आनंदाने पत्करले. त्या कामातून काँग्रेसचा कारभार कसा चालतो हे त्यांना आतून कळले. या प्रसंगातील मर्म असे की, हलके समजले जाणारे काम करणारा माणूस आणि संस्थेचा अभ्यास करणारा माणूस हे दोन वेगळे नव्हते. तो एकच माणूस होता.

पुढे १९३६ च्या डिसेंबरात वऱ्हाडाच्या शेजारीच, खानदेशात फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम त्या अधिवेशनात संमत झाला. साने गुरुजी त्यासाठी खानदेशात गावोगाव हिंडले, माणसे आणि पैसा गोळा केला. शिक्षक असलेल्या माणसाने तरुणांना राबायला सांगण्याआधी स्वतः किती राबावे, याचा तो धडा होता. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत श्रमदान आणि बौद्धिक ही एकाच दिवसाची दोन अंगे असत. विदर्भातच बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिचेही सूत्र हेच होते: ज्या तरुणाने सकाळी कुदळ चालवली, त्यानेच दुपारी व्याख्यान ऐकायचे आणि वक्त्याला प्रश्न विचारायचा. एकाने राबायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, ही विभागणी या परंपरेत कोठेच नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या सेवेचा विचार सरकारी पातळीवर झाला, त्यातही सक्ती की स्वेच्छा हा वाद प्रारंभापासून होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाविद्यालयात प्रवेश करण्यापूर्वी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी असे सुचवले. नंतर के. जी. सैयदेन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेच्या बाजूने कौल दिला. १९६४ ते ६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, समाजसेवा आणि कार्यानुभव हे शिक्षणाच्या सर्व टप्प्यांचे अंग मानले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. प्रारंभी तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर, असा तिचा आराखडा रूढ झाला. त्या १२० तासांतही काही तास विद्यार्थ्याला समाजाची ओळख करून देण्यासाठी राखलेले असतात, ही गोष्ट विसरता कामा नये. काम करणाऱ्याला कामाचा अर्थ कळला पाहिजे, हे त्या योजनेने तत्त्वतः मान्य केलेले आहे.

राव हे मंत्री होण्यापूर्वी अर्थशास्त्रज्ञ होते. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शास्त्रशुद्ध अंदाज बांधणाऱ्या पहिल्या पिढीतील ते अग्रणी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत एक प्रसिद्ध अडचण आहे. ज्या श्रमाला मोबदला नाही तो श्रम गणनेत येत नाही. आईने केलेला स्वयंपाक उत्पन्नात धरला जात नाही. तोच स्वयंपाक खानावळीत झाला की धरला जातो. परिषदेच्या अंदाजपत्रकाचीही तीच गत आहे. त्यात मंडप असतो, भोजन असते, छपाई असते, पाहुण्यांचा प्रवासखर्च आणि मानधन असते. विद्यार्थ्यांच्या श्रमाची ओळ मात्र कोठेही नसते. आणि अर्थशास्त्राचा साधा अनुभव असा आहे की, ज्या वस्तूला किंमत नाही तिचा वापर हिशेबाविना होतो. दहा स्वयंसेवक पुरतील तेथे पन्नास उभे केले जातात. पाहुण्याची गाडी तीन तास उशिरा येणार असली तरी विद्यार्थी पहाटेपासून स्थानकावर तिष्ठत राहतो. गाडीवाल्याला तीन तास थांबवले तर तो पैसे मागेल, म्हणून त्याला वेळ नीट विचारून बोलावले जाते. विद्यार्थ्याच्या वेळेची विचारपूस करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

एक उदाहरण घ्या. समजा, दोन दिवसांच्या परिषदेसाठी तीस विद्यार्थी राबले, आणि तयारीचा एक दिवस धरून प्रत्येकाचे तीन दिवस गेले. नव्वद दिवसांचे श्रम झाले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी ठरलेली होती. त्या दराने या श्रमाची किंमत २६,७३० रुपये होते. हा दर अकुशल कामाचा. नोंदणी, संगणक, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचे काम कुशल असते. म्हणजे परिषदेचा एक मोठा देणगीदार विद्यार्थीच असतो, पण त्याचे नाव देणगीदारांच्या यादीत छापलेले नसते.

येथे गैरसमज नको. प्रत्येक सेवेचे दाम मागावे, असा या हिशेबाचा अर्थ नाही. सगळीच माणुसकी तराजूत घालायची ठरवली तर समाज म्हणून काही उरणारच नाही. परंतु देणगी देणाऱ्याला आपण देणगी देत आहोत हे माहीत असावे, घेणाऱ्याने ती देणगी म्हणूनच घ्यावी, आणि तिची परतफेड पैशात करायची नसेल तर ज्या गोष्टीसाठी विद्यार्थी महाविद्यालयात आला त्या गोष्टीत, म्हणजे शिक्षणात, करावी, एवढेच त्याचे तात्पर्य. महाराष्ट्राने या बाबतीत दोन प्रामाणिक मार्ग दाखवलेले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर गरीब मुलांचे शिक्षण उभे केले. तेथे श्रम होते, पण ते शिक्षणाची उघड किंमत म्हणून होते. दुसरा मार्ग रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. संकटातल्या माणसाचा श्रमसुद्धा फुकट घ्यायचा नाही, हे त्यामागील नैतिक सूत्र होते. एकीकडे श्रमाच्या बदल्यात शिक्षण, दुसरीकडे श्रमाच्या बदल्यात दाम. परिषदेतल्या विद्यार्थ्याला मात्र अनेकदा दोन्हीही मिळत नाही. मिळते ते एक प्रमाणपत्र, ज्यावर त्याने काय केले याचा उल्लेखही नसतो.

शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि नागरी वस्तीत राहणारे शंभरात अठराहूनही कमी. याचा अर्थ महाविद्यालयातला विद्यार्थी बहुधा खेड्यातून किंवा तांड्यावरून येतो. ज्याचे घर तालुक्याच्या गावातच आहे त्याला रात्री नऊपर्यंत थांबणे सोपे. ज्याला शेवटची एस. टी. गाठायची आहे त्याला कठीण. ज्याच्या घरी शेतीला गडी लावता येतो त्याने तीन दिवस दिले तर घराचे काही अडत नाही. ज्याच्या घरी तूर सोंगायला तोच एक हात आहे त्याचे तीन दिवस म्हणजे घरातून गेलेली मजुरी. दिसायला दोघांचीही सेवा सारखीच. प्रत्यक्षात दुसऱ्याने पहिल्याच्या कितीतरी पट अधिक मोल दिलेले असते. आणि त्याला ते परवडले नाही, तर 'हा उपक्रमांत भाग घेत नाही' हा शेराही त्याच्याच नावावर पडतो.

परिषदांची संख्या एवढी का वाढली, हेही उघडपणे बोलले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंध वाचला की गुण. परिषद राज्यस्तरीय, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय यावर गुणांची मात्रा ठरू लागली. नॅकच्या मूल्यांकनातही परिषदांची नोंद घेतली जाते. २०१८ साली विनियम बदलले, तरी लागलेली सवय गेली नाही. परिणामी विचारांच्या देवाणघेवाणीपेक्षा नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी मंडप पडू लागले. एका निबंधाला पाच मिनिटे, प्रश्नोत्तरांना वेळ नाही, आणि दुपारनंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. सर्वच परिषदा अशा असतात असे नाही. निष्ठेने घेतलेल्या परिषदाही आहेत आणि त्यांतून लहान गावच्या प्राध्यापकाला पुस्तकांपलीकडचे जग दिसते. परंतु जेथे प्राध्यापकाच्या गुणांसाठी परिषद आणि परिषदेसाठी विद्यार्थी, अशी उतरंड लागते, तेथे सर्वांत खालच्या मडक्यावर सगळ्यांचे ओझे येते.

सेवा आणि वेठ यांतील पहिला भेद नकाराच्या स्वातंत्र्याचा आहे. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला अर्थ असतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्यांच्या हाती आहेत तेच प्राध्यापक परिषदेचे संयोजक असतील, तर वर्गात 'कोण कोण येणार?' या साध्या प्रश्नातही सक्ती मिसळलेली असते. ती कोणी बोलून दाखवत नाही. विद्यार्थ्याला मात्र ती ऐकू येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सहशालेय उपक्रमांनाही श्रेयांक मिळू लागले. सेवेची नोंद होणे चांगलेच. पण श्रेयांक देणारा आणि काम करवून घेणारा एकच असेल, तर श्रेयांक हे नवे आमिष आणि नवी भीतीही ठरू शकतात.

भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्यसंस्थेला ठेवली, परंतु धर्म, वंश, जात अथवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही अशी अट घातली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ अधिक विशद केला. सक्ती केवळ दंडुक्याची नसते. गरजेपोटी दुसरा मार्गच न उरलेल्या माणसाकडून किमान वेतनापेक्षा कमी दराने घेतलेला श्रमही सक्तीचाच, असा त्या निर्णयाचा आशय आहे. महाविद्यालयातला विद्यार्थी कायद्याने मजूर नाही आणि हा निर्णय त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही त्यातील विवेक प्राध्यापकांनी लक्षात घेण्यासारखा आहे: समोरच्याच्या गरजेने त्याचा होकार विकत घेता येतो, म्हणून तो होकार स्वेच्छेचा ठरत नाही.

भेदाविषयीची अटही परिषदेच्या मंडपात तपासून पाहावी. स्वागताला, औक्षणाला, रांगोळीला आणि पुष्पगुच्छ देण्याला मुली. ध्वनियंत्रणा, वाहने आणि मंच यांना मुले. संविधानाच्या त्या खंडातील यादीत स्त्रीपुरुष-भेदाचा उल्लेख नाही. महाविद्यालयाच्या आवारात मात्र तोच भेद सर्वांत आधी दिसतो. स्त्रीमुक्तीवर निबंध वाचले जात असताना विद्यार्थिनी तबक घेऊन दाराशी उभी असेल, तर त्या निबंधाचा पहिला वाचक तिलाच केले पाहिजे. आणि उष्ट्या पत्रावळी कोण उचलतो, स्वच्छतागृहांकडे कोणाला पाठवले जाते, सूत्रसंचालनाचा ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती दिला जातो, याची यादी प्रत्येक महाविद्यालयाने एकदा स्वतःशीच करून पाहावी. यादीत जातीचा रकाना नसतो. पण तो न लिहिताही भरला जातो का, हे तपासले पाहिजे.

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत ते १९८३ साली स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. नावे देणे सोपे असते. ती पेलणे अवघड. गाडगे बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडीत, आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारीत. खराटा एकाचा आणि कीर्तन दुसऱ्याचे, असे कधी झाले नाही. ज्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर त्यांचे नाव आहे, त्या विद्यापीठाच्या परिषदेत झाडणारा आणि बोलणारा असे दोन वर्ग पडावेत, हे त्या नावाला शोभणारे नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ग्रामीण महाविद्यालयाकडे पैसा नसतो. सगळी कामे मोल देऊन करून घ्यायची तर परिषदच होणार नाही. शिवाय विद्यार्थी या कामातून शिकतो. चारचौघांत बोलायला, वेळ पाळायला, अडचणीतून वाट काढायला शिकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या मुलाने आयुष्यात कधी अनोळखी माणसाशी दोन वाक्ये बोललेली नाहीत, तो नोंदणीच्या टेबलावर एका दिवसात मोकळा होतो, हे अनेक शिक्षकांनी पाहिले आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. पैसा कमी असेल तर परिषद लहान घ्यावी. मंच साधा करावा, शाली आणि स्मृतिचिन्हे कमी करावीत, भोजनातले पदार्थ घटवावेत. काटकसरीची सुरुवात विद्यार्थ्याच्या वेळेपासून का व्हावी? आणि व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते म्हणून विषयाचे शिक्षण हिरावून घेण्याची मुभा मिळत नाही. इतिहासाचा विद्यार्थी इतिहासाच्या परिषदेत वाढप शिकून घरी गेला, तर परिषद कोणासाठी भरली होती?

उपाय अवघड नाहीत. त्यांना पैशांपेक्षा इच्छेची गरज आहे. कामाच्या पाळ्या लावाव्यात आणि प्रत्येक स्वयंसेवकाला दिवसातून निदान दोन सत्रे पूर्ण ऐकता येतील असे वेळापत्रक आधी करून मगच पत्रिका छापावी. वाढप आणि सतरंज्या उचलणे यांत प्राध्यापकांनीही पाळी घ्यावी. सफाई आणि भांडी यांसाठी माणसे लावावीत आणि त्यांना रीतसर मजुरी द्यावी. स्वयंसेवकांनी पाहुण्यांच्याच पंगतीत जेवावे. मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोचवण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात कोणाकडे तरी असावी आणि प्रवासभाडे अंदाजपत्रकात धरावे. अंतर्गत गुणांचा या कामाशी संबंध राहणार नाही, असे संयोजकांनी वर्गात उघड सांगावे. आणि समारोपाच्या सत्रात पाहुण्यांच्या अभिप्रायाबरोबर एका स्वयंसेवकाचाही अभिप्राय असावा. तो संयोजकांनी लिहून दिलेला नसावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विद्यार्थ्याला केवळ श्रोता म्हणून आत घेणेही पुरेसे नाही. या जिल्ह्याच्या मातीत मानव्यविद्यांची एवढी सामग्री आहे की तेथे विद्यार्थी हाच पाहुण्यांचा वाटाड्या होऊ शकतो. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच घराण्यातील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला, आणि हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. साहित्याच्या परिषदेला याहून योग्य गाव कोठे मिळेल? कारंज्याच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याचे एक दालन उघडले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी १९३१ साली आणि 'णायकुमारचरिउ' अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादून कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय सुरू झाले.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणा. सभागृहात बंजारा लोकसाहित्यावर निबंध वाचला जात आहे. वाचणाऱ्याने गोरमाटी गीते छापील पुस्तकातून घेतली आहेत. आणि ज्याच्या आजीला ती गीते मुखोद्गत आहेत, ज्याच्या घरात ती बोली रोज बोलली जाते, तो तांड्यावरचा विद्यार्थी त्याच वेळी बाहेर चहाचे पेले मांडत आहे. यात नुकसान केवळ त्या विद्यार्थ्याचे होत नाही. निबंधाचे होते, परिषदेचे होते, ज्ञानाचे होते. त्याला आत बसवले असते, तर कदाचित निबंधातली एक ओळ त्याने दुरुस्त केली असती. कदाचित आजीकडून पाच नवी गीते उतरवून आणण्याची बुद्धी त्याला त्याच दिवशी झाली असती. संशोधक असेच घडतात. ते प्रमाणपत्रांनी घडत नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना कामे द्यायचीच असतील तर अशीही द्यावीत: प्रत्येक सत्राचा मराठीत वृत्तांत लिहिणे, इंग्रजी वा हिंदी निबंधाचा सारांश सोप्या मराठीत सांगणे, पाहुण्यांना कारंजा किंवा पोहरादेवी दाखवताना स्थानिक इतिहास सांगणे, गावातल्या जाणत्या माणसांच्या मुलाखती परिषदेपुढे ठेवणे. ही कामे करण्यासाठी विद्यार्थ्याला वाचावे लागेल आणि शिक्षकाला त्याच्याबरोबर बसावे लागेल. शिक्षकाने विद्यार्थ्याबरोबर बसणे, हीच तर महाविद्यालयाची मूळ व्याख्या आहे.

विद्यार्थी मित्रांनो, काम टाळा असे तुम्हांला कोणी सांगत नाही. खुर्ची उचला, पाणी भरा, झाडू हाती घ्या. त्याची लाज बाळगू नका आणि त्याचा गर्वही बाळगू नका. मात्र खुर्ची मांडून झाली की तिच्यावर बसण्याचा हक्कही मागा. आणि प्राध्यापक मित्रहो, पुढील परिषदेच्या सभागृहाची आसने मोजताना प्रमुख पाहुण्यांची, निमंत्रितांची आणि प्रतिनिधींची आसने मोजाल, तेव्हा तीस आसने आणखी मोजा. बिछायतवाला त्या तीस खुर्च्यांचे भाडे लावील. ते भाडे द्या. परिषदेवर होणारा तोच सर्वांत सार्थ खर्च असेल.